टाकीचा मागचा कोपरा

१

गुरुवारी सकाळी आठ वाजता टाकीवरचा निळा दिवा आपोआप लागला, पण प्रवाळ उमलले नाहीत.

दीनानाथ भालेराव नेहमीप्रमाणे चहाचा कप घेऊन समोरच्या खुर्चीत बसले होते. दिवा लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांत टाकी फुलते. दगडांवरची बारीक तोंडं एकेक करून उघडतात आणि पाण्याबरोबर हलायला लागतात. साडेआठ झाले, नऊ झाले. चहावर साय धरली. ते उठले आणि चष्मा काचेला टेकेपर्यंत वाकून बघू लागले.

सगळी तोंडं मिटलेली होती. डाव्या बाजूला तर मिटायलाही काही शिल्लक नव्हतं. तिथे करड्या रंगाचा चिकट थर तेवढा होता. वाळूवर चार गोगलगायी उलट्या पडल्या होत्या. लाल पट्ट्यांची कोळंबी कुठे दिसेना. दोन केशरी मासे मात्र मजेत फिरत होते. खायला मागायला काचेपाशीही आले.

अनघाला जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते.

ती देवगडची, समुद्रावर वाढलेली. लग्नानंतर रेल्वेच्या नोकरीबरोबर अकोला, भुसावळ, झाशी असं करत ती लखनौला आली आणि इथेच राहिली. इथून जवळचा समुद्रही आठ-नऊशे किलोमीटरवर. अकरा वर्षांपूर्वी तिने चार फुटांची काचेची टाकी आणली, मीठ कालवून खारं पाणी केलं आणि त्यात नखाएवढा एक हिरवा प्रवाळ लावला. मऊ जातीचा, चिवट. तिने त्याचं नाव 'थोरली' ठेवलं. थोरली पसरली की अनघा हातमोजे घालून ब्लेडने तिचा तुकडा कापायची, डिंकासारख्या चिकट लेपाने सिमेंटच्या बटणावर चिकटवायची आणि गॅलरीतल्या टबात वाढवायची. पंधरा दिवसांत तुकडा बटणावर मूळ धरी. टाकीतली एकोणीस बटणं म्हणजे एकट्या थोरलीचा संसार होता.

"याला काही होत नाही हो," ती म्हणायची. "चुकलं तरी माफ करणारी जात आहे ही. म्हणून तर तुमच्या घरात टिकली."

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तिला फार बोलता येत नव्हतं. "पाणी बघा," एवढंच ती म्हणाली होती. तिच्या पश्चात दोन ठिकाणचं झेपणार नाही म्हणून दीनानाथांनी टबातली बटणंही मोठ्या टाकीत आणून ठेवली होती. म्हणजे जे काही उरलं होतं, ते सगळं या एका पाण्यात होतं.

त्यांनी मोजलं. एकोणिसांपैकी अकरा बटणं गेली होती. थोरली अर्धी करडी झाली होती.

त्यांनी प्रणव श्रीवास्तवला फोन लावला. चिनहटच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. घरी त्याचीही अशीच टाकी होती आणि अनघाकडूनच तो हे सगळं शिकला होता.

प्रणवने ऐकून घेतलं. मग विचारलं, "अंकल, घोंघे मर गए और मछलियाँ बिलकुल ठीक हैं? पक्का?"

"पक्का. माझ्यासमोर फिरतायत."

"तो फिर ये बीमारी नहीं है. पानी में कुछ डाला गया है. मैं आता हूँ."

२

प्रणव तासाभरात आला. त्याने पाण्याचा खारेपणा तपासला, उष्णता तपासली, दोन-तीन बाटल्यांतले थेंब टाकून नळ्या उजेडात धरल्या. सगळं ठीक होतं. शेवटी त्याने पिशवीतून आणखी एक बाटली काढली.

"ये बस तसल्ली के लिए."

चार थेंब पडले. नळीतलं पाणी हळूहळू निळं झालं. प्रणवने ती नळी दीनानाथांच्या हातात दिली.

"ताँबा," तो म्हणाला.

दीनानाथांना समजेना. मग प्रणवने समजावलं. खाऱ्या पाण्यात तांबं उतरलं की मासे तग धरतात, पण गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ यांना ते अगदी थोडंसुद्धा सोसत नाही. माशांच्या एका रोगावर जे निळं औषध मिळतं, ते तांब्याचंच असतं. प्रवाळाच्या टाकीत ते कोणी चुकूनही घालत नाही. त्याने कोळशाची एक पिशवी पंपापाशी अडकवली.

"इससे थोड़ा रुकेगा. पर जो ज़िंदा हैं, उन्हें दो दिन में निकालना पड़ेगा. मुझे दे दीजिए, अपनी टंकी में रख लूँगा. थोरली को भी."

दीनानाथांनी त्याच्याकडे बघितलं. या पोराने थोरलीचा तुकडा किती वेळा मागितला होता. अनघाने त्याला बाकी सगळं दिलं, थोरली दिली नाही. "इसका कुछ तो घर में रहने दो, भैया," असं म्हणून हसण्यावारी नेलं होतं. तेरवीच्या दिवशीसुद्धा तो टाकीपाशी बराच वेळ उभा होता.

"नको," ते म्हणाले. "मी नवीन पाणी करतो. गॅलरीतला टब आहे."

"नमक उसी बोरी का? पानी उसी फ़िल्टर का? और अगर ताँबा वहीं से आ रहा हो तो?"

कुठून आलं ते कळल्याशिवाय नवं पाणीही करता येत नव्हतं, आणि ज्याच्यावर संशय त्याच्या घरी थोरलीला पाठवताही येत नव्हतं. हातात होते दोन दिवस.

जाताना प्रणवने ती तपासणीची बाटली टेबलावर ठेवली. "शक मुझ पर भी कीजिए, कोई बात नहीं," तो चपला घालत म्हणाला. "पर टेस्ट करते रहिए."

३

दीनानाथांनी रेल्वेत चौतीस वर्षं काढली होती, त्यातली बरीचशी पुलांवर. अपघाताच्या चौकशी समितीवर ते सात वेळा बसले होते. पण त्या चौकशांत मेलेल्यांची नावं कागदावर असायची. इथे नळीत टाकायचे चार थेंब चारदा बाहेर पडले.

फिल्टरचं पाणी तपासलं. निळं झालं नाही. गोणीतलं मूठभर मीठ त्या पाण्यात कालवून तपासलं. तेही नाही. खरं तर हे दोघांनाही आधीच सुचायला हवं होतं. याच गोणीतलं अर्धं मीठ प्रणवने नेलं होतं आणि त्याची टाकी ठणठणीत होती. म्हणजे नवं पाणी करायला हरकत नव्हती. त्यांनी टब धुतला, मीठ मोजून टाकलं आणि पंप सोडला. मीठ नीट विरघळायला एक दिवस लागणार होता.

पण आज ज्याने टाकीत तांबं घातलं, तो उद्या टबात घालणार नाही कशावरून?

अकरा वाजता हेमा आली. ती आठ वर्षं या घरी काम करत होती. टाकीकडे बघून तिने आधी तोंडावर पदर घेतला.

"दीदी देखतीं तो..." एवढं म्हणून ती थांबली.

"हेमा, टंकी में किसी ने कुछ डाला है. दवाई वगैरह. तुमने किसी को देखा?"

"अंकल, मैं तो शीशा भी बाहर से पोंछती हूँ. दीदी ने पहले दिन ही कहा था, साबुन वाला हाथ लगा तो चिमटे से पकड़कर बाहर कर दूँगी." ती किंचित हसली आणि लगेच रडवेली झाली. मग म्हणाली, "एक दिन पीछे बहुत पानी गिरा था. तेरहवीं के अगले दिन. रसोई का स्टूल भी वहीं पड़ा था, दीवार के पास. मैं समझी आपने कुछ किया होगा. पोंछ दिया."

दीनानाथांनी काही केलं नव्हतं. त्यांचा डावा खांदा दोन वर्षांपासून वर जात नव्हता. म्हणून स्टुलावर चढून टाकीत हात घालायचं ते टाळतच आले होते.

"सकाळी किती वाजता आली होतीस?"

"सात बजे. मेहमान तो सब रात को ही निकल गए थे ना. पद्मिनी मौसी भी."

हे खरं होतं. अनघाची बहीण पद्मिनी रात्रीच्या गाडीने गेली होती, त्यांनीच तिला चारबाग स्टेशनवर सोडलं होतं. प्रणव तर संध्याकाळीच गेला होता. त्या सकाळी या घरात दोनच माणसं होती. एक ते स्वतः आणि दुसरा त्यांचा मुलगा.

४

ऋषभ बँकेतून सहा वाजता आला. त्याची नागपूरला बदली झाली होती, महिनाअखेर रुजू व्हायचं होतं. गेले पंधरा दिवस घरात एकच विषय होता. बाबांनीही यावं. बाबा म्हणत, टाकी कोण बघणार? ऋषभ म्हणे, बंद कर दीजिए ना टाकी.

त्याने बॅग ठेवली आणि दुरूनच टाकीकडे बघितलं. जवळ गेला नाही. दीनानाथांच्या हे लक्षात आलं.

"सगळं मेलंय," ते म्हणाले.

"अच्छा." त्याचा आवाज कोरडा होता. "कधी?"

"तू सांग कधी."

"मतलब?"

"तांबं घातलंय पाण्यात. कोणीतरी. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्टूल घेऊन मागे काय करत होतास?"

ऋषभ खाली बसला. लहानपणी पेपर कठीण गेला की बसायचा तसा, हात गुडघ्यांमध्ये घालून. "मैंने कोई ताँबा-वाँबा नहीं डाला, बाबा. औषध, केमिकल, काहीच नाही."

"मग स्टूल?"

त्याने वाकून बुटाची नाडी सोडली.

"टाकी गेली की मी नागपूरला येणार, सोपा हिशेब आहे. तुला अडचण होती ती. स्पष्ट बोल ना."

"आप जो समझना है समझिए. बंद करून टाका ती टाकी. मासे देऊन टाका कोणाला तरी." तो उठला आणि दारापाशी जाऊन थांबला. "पण वाळू फेकू नका. हेमाला उचलायला सांगू नका. वाळूचं मी बघतो."

"वाळूचं काय बघतोस? आईचं बघ. तिचं काही म्हणून या घरात राहू नये असंच वाटतंय तुला."

हे बोलून झाल्यावर दीनानाथांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. ऋषभने बॅग उचलली, मित्राकडे राहतो म्हणाला आणि निघून गेला. जिना उतरताना त्याचा पाय दोनदा अडखळल्याचं वरून ऐकू आलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली आठ बटणंही गेली होती आणि थोरलीचा आणखी बोटभर भाग गेला होता.

दीनानाथ खुर्चीत बसले. डोकं चालत नव्हतं. मग जुन्या सवयीने त्यांनी स्वतःला विचारलं, पहिलं चाक कुठे घसरलं? गाडी रुळावरून उतरली की लोक ड्रायव्हरला धरतात, सिग्नलवाल्याला धरतात. पण चौकशीत आधी माणसांना विचारायचं नसतं. पहिलं चाक ज्या ठिकाणी घसरलं ती खूण रुळावर शोधायची असते, आणि तिथून मागे चालत जायचं असतं. काल त्यांनी नेमकं उलटं केलं होतं.

अनघा दर गुरुवारी याच खुर्चीतून टाकीचा एक फोटो काढायची. तिच्यामागे त्यांनी तो नेम चालू ठेवला होता. फोटो काढले होते, बघितला मात्र एकही नव्हता. प्रवाळ थोडे मिटलेले दिसायचे, तेव्हा त्यांना वाटायचं, तिची आठवण येत असेल. आता त्यांनी फोनमध्ये ते एकापुढे एक लावले.

तेरवीच्या आधीच्या गुरुवारी सगळी टाकी फुललेली. पुढच्या गुरुवारी मागच्या डाव्या कोपऱ्यातलं एकच बटण मिटलेलं. त्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या पुढची तीन. मग मधला दगड. त्याच फोटोत थोरलीची डावी कडही. पंपाचा प्रवाह डावीकडून उजवीकडे वाहत होता आणि मरण त्या प्रवाहाबरोबर पुढे सरकत होतं, पुलाखालच्या पाण्यासारखं.

औषध वरून ओतलं असतं तर तासाभरात सगळ्या टाकीत पसरलं असतं आणि सगळं एकदमच मिटलं असतं. तसं झालं नव्हतं. म्हणजे कोणी काही ओतलं नव्हतं. तांबं मागच्या डाव्या कोपऱ्यात पडून होतं आणि तिथून झिरपत होतं. ती वस्तू होती.

या घरात तांब्याची वस्तू कुठे असते?

ते देवघरापाशी गेले. चाळीस दिवसांत ते देवघरापुढे बसले नव्हते. पूजा अनघा करायची. हेमा देवघराला हात लावत नसे, तो नेम तिचा तिनेच केलेला होता. त्यामुळे सगळ्यावर धुळीचा सारखा थर होता. ताम्हन होतं, पळी होती, पंचपात्र होतं. उजव्या कोपऱ्यात रुपयापेक्षा थोडं मोठं एक वर्तुळ होतं. तिथे धूळ कमी होती.

तिथे गंगेचा गडू असायचा. अनघाच्या आईने काशीहून आणलेला, तोंड बंद केलेला, लिंबाएवढा तांब्याचा गडू. लग्नात मुलीबरोबर आला होता.

एवढ्याशा गडूचं चोराला काही काम नाही. प्रणवला नाही. टाकी मारायची असेल त्याला तर मुळीच नाही, बाजारात निळं औषध मिळत असताना देवघरातला गडू कोण नेईल? गडू तो नेईल, ज्याला त्यात काहीतरी ठेवायचं असेल. असं काहीतरी, जे प्लास्टिकच्या डब्यात ठेवणं मनाला पटत नाही.

'वाळू फेकू नका. वाळूचं मी बघतो.'



६

त्यांनी स्टूल आणलं. हातमोजे घातले. उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला तेव्हा सदऱ्याची बाही, बनियन, सगळं भिजलं. दगडामागे बोटांना गोल काहीतरी लागलं. ते वाळूत अर्धं रुतलेलं होतं.

गडू हिरवा पडला होता. तोंडाला पांढऱ्या कापडाची चिंधी गुंडाळलेली होती, ती कुजून सुटली होती. आत काही उरलं नव्हतं. जे होतं ते कोपऱ्यातल्या वाळूत मिसळलं होतं. वाळूत बारीक पांढरे कण होते, शंख-शिंपल्यांचे नसलेले.

त्यांनी ऋषभला फोन केला. "गडू मिळाला," म्हणाले. "घरी ये."

तो अर्ध्या तासात आला. ओल्या सदऱ्यात बसलेल्या बापाला बघून त्याने आधी टॉवेल आणला. मग समोर जमिनीवर बसला.

"आई तीन बार बोली थी, बाबा. माझ्यासमोर. मला समुद्रात सोडा. तुम्ही म्हणालात, प्रयागला जाऊ, परवा सकाळी, गाडी सांगून ठेव. मी काहीच बोललो नाही. तुम्हाला तेव्हा काही सांगण्यासारखं नव्हतं."

"नव्हतं," दीनानाथ म्हणाले. देवगडला जाण्याची त्यांची हिंमत झाली नव्हती. तिच्याशिवाय तिच्या माहेरच्या घरात, त्या किनाऱ्यावर उभं राहायचं, हे त्यांना जमलं नसतं. "सगळ्या नद्या शेवटी तिकडेच जातात" असं काहीतरी ते तेव्हा बोलले होते.

"मग मी थोड्या अस्थी काढून ठेवल्या. चमचाभर. गडू बैंक के ड्रॉअर में रखा था दहा दिवस. वाटलं, कधीतरी देवगडला जाऊ. मग बदलीची ऑर्डर आली. मग वाटलं, लखनौत तिचा समुद्र आहेच की एक." त्याने नाक पुसलं. "आठ दिवसांनी गोगलगाय मेली. मला वाटलं, राखेमुळे. आईच्याच राखेने आईचं सगळं... हे तुम्हाला कसं सांगणार होतो? म्हणून म्हणत होतो, बंद करा."

"राखेने नाही," दीनानाथ म्हणाले. "राखेने काही झालं नसतं. तांब्याने झालं."

"पण तांबं तर शुद्ध असतं, बाबा."

"हो. आपल्याकडे."

पंप चालू होता.

"काल मी जे बोललो," दीनानाथ म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांना जुळवता आलं नाही. ऋषभने वाट बघितली. मग तो उठला आणि टबातलं मीठ विरघळलं का ते बघायला गॅलरीत गेला.

७

दुपारी प्रणवने येऊन कापाकापी केली. दीनानाथांनी फोनवर त्याला आधी सगळं सांगितलं होतं आणि संशयाचंही सांगितलं होतं. "वो तो मैंने ही कहा था, कीजिए," एवढंच तो म्हणाला. थोरलीचा जिवंत वाटणारा भाग त्याने ब्लेडने वेगळा केला आणि त्याचे तीन तुकडे नव्या बटणांवर चिकटवले. जुनी बटणं एकही घेतली नाहीत. सिमेंटमध्ये तांबं मुरतं आणि महिनोन्महिने बाहेर पडत राहतं, तो म्हणाला. जुना दगड, जुनी वाळू, यांतलं काहीच पुन्हा वापरता येणार नाही. मासे तो घेऊन गेला.

आज याला नऊ दिवस झाले. तीन तुकड्यांपैकी एक पांढरा पडला. दुसरा आहे तसाच आहे, मेला म्हणता येत नाही आणि जगला म्हणता येत नाही. तिसऱ्याने परवा दुपारी एक तोंड उघडलं, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि ते संध्याकाळपर्यंत उघडं होतं. दीनानाथ त्याच्यापुढे तेवढा वेळ बसून होते. टब नागपूरला कसा न्यायचा याची चौकशी ऋषभ करतो आहे. आपण जाणार की नाही, हे दीनानाथांनी त्याला सांगितलेलं नाही.

मोठ्या टाकीतलं पाणी विषारी आहे, ती रिकामी करायला हवी. पण कोपऱ्यातल्या वाळूतून अनघाला वेगळं काढता येत नाही. ती वाळू कचऱ्यात टाकता येत नाही. ते पाणी मोरीत सोडता येत नाही. आणि तांबं उतरलेली वाळू कुठल्या समुद्रात सोडावी, असंही त्यांना वाटत नाही. बापलेकांनी दोनदा यावर बोलायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा विषय अर्धाच राहिला.

टाकी अजून भरलेली आहे.